शिवणकाम विचारा : गाऊनचे बंद, लुप अन् उलटेना ती नळी

प्रश्न : ताई, आईच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, हात वर जात नाही म्हणून समोरून उघडणारा गाऊन घरीच शिवू लागले. नांदेडहून आणलेली खादी आहे. बटणं एका हातानं लागत नाहीत म्हणून गाठ मारायचे कापडी बंद लावायचं ठरवलं. क्रॉस पट्टीची नळी शिवली तर ती उलटता उलटेना, अन् एक कशीबशी उलटली ती ओढली की लांबच होत चाललीय. कामून असं होत असंल? कमरेला पट्टा अन् त्याचे लुपपण लावायचेत. – एक वाचक, परभणी

उत्तर : क्रॉस पट्टीमुळंच होऊ लागलंय ते. तिरकं कापलेलं कापड ताणलं जातं, गळ्याच्या पायपिंगला ते बरं, बंदाला नाही. बंद कायम उभ्या धाग्यात कापायचे, म्हणजे काठाला समांतर. आणि खादीची अरुंद नळी उलटायच्या भानगडीत पडूच नका, जाड कापड आहे ते, सेफ्टी पिन आत अडकली की अर्धा तास तिथंच जातो. अर्ध्या इंचाचा बंद हवा तर २ इंचाची पट्टी घ्या, मधोमध घडी घालून इस्त्री मारा, उघडा, दोन्ही कडा त्या घडीपर्यंत आत घ्या, परत मिटवा आणि कडेनं टीप मारा. टोक मात्र पहिल्यांदाच आत दुमडून घ्या, नंतर दुमडलं की गाठोडं होतं. खादी कापायच्या आधी रात्रभर पाण्यात घातली होती ना? नसंल तर उरलेलं कापड तरी घाला, नाहीतर पहिल्या धुण्यात गाऊन एका मापाचा अन् बंद दुसऱ्याच मापाचे.

आता खरी गोष्ट. बंद तुटत नाही, तो जिथं लावलाय तिथलं कापड फाटतं. त्यामुळं जमेल तिथं बंद शिलाईतच धरा: कुशीची शिवण मारायच्या आधी बंद सुलट बाजूवर ठेवायचा, त्याचं टोक कापडाच्या कडेला लावून टाचायचं, बंद आतल्या बाजूला पडलेला राहील, मग वरून दुसरा भाग ठेवून शिवण, आणि त्या जागी एकदा मागं-पुढं टीप. पुढच्या कडेला लावताना शिवण नसते, तिथं आतून दीड इंचाचा कापडाचा तुकडा ठेवा (काठाचा असला तर लईच चांगलं), बंदाचं टोक दुमडून त्यावर चौकोन शिवा अन् चौकोनात फुली. शाळेच्या दप्तराचा पट्टा बघा, तशीच शिलाई असते.

एक सांगू का, तुमच्या आईला बाहेरून बंद नकोच. एका हातानं सुरगाठ मारून बघा स्वतः, मग कळंल. आतला पदर घसरू नये म्हणून आतून एक जोडी बंद लावा, उजव्या कुशीच्या शिवणीत एक आणि डाव्या पदराच्या कडेला एक, ती गाठ तुम्ही बांधून द्यायची. हे बंद प्रत्येकी १२ इंच ठेवा, आखूड केले की सुरगाठीऐवजी निरगाठ पडते अन् मग नखानं उकलत बसा. उजवा पदर वर घेतला की त्याची कड डाव्या कुशीकडं येते, तिथं कडेला कापडी लुप आणि समोर एक मोठी गुंडी, डाव्या हाताला सोपं जातं. लुप गोल वळतो, त्याला मात्र क्रॉस पट्टी चालते, उरलीय ती तिथंच वापरा. आधी टाचून गुंडी घालून बघा, निघायला जरा अडखळली पाहिजे. सहज निघाली तर झोपेतही निघंल.

पट्ट्याचं म्हणाल तर सध्या राहू द्या. हात झोळीत असतो तेव्हा कोपर कमरेपाशीच येतं, गाठ टोचते. पुढं लावायचाच असंल तर कमरेच्या घेरात ३६ इंच मिळवून लांबी धरा, जोड पाठीमागं आणि तिरका द्या. लुप उभ्या धाग्यात, पट्ट्याच्या रुंदीपेक्षा अर्धा इंच मोठे अन् दोन्ही टोकांना दुमडायला वेगळं कापड. कुशीच्या शिवणीवर लावा. ढिले ठेवले तर दाराच्या कडीत अडकून फाटतात.

प्रश्न : हिमरूचा, म्हणजे नक्षीदार विणीच्या कापडाचा, तुकडा घरात पडून आहे, त्याचा अंगरख्यासारखा रोब शिवतेय. त्याच कापडाचे बंद केले तर धागे निघू लागलेत. – छत्रपती संभाजीनगर

उत्तर : निघणारच. हिमरूच्या मागच्या बाजूला नक्षीचे धागे मोकळे फिरतात, अरुंद पट्टी कापली की ते सगळे तोडले जातात, मग धरायला काही उरत नाही. बंद साध्या सुती सॅटिनचे करा, रंग हिमरूच्या जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या कापडाचा घ्या, नक्षीचा नको. हिमरूच पाहिजे असंल तर बंदाच्या टोकाला त्याचं छोटं फूल नाहीतर गोंडा लावा आणि हौस भागवा. अन् जिथं बंद लावाल तिथं आतून अस्तराचा आधार द्याच, एवढं देखणं कापड बंदापाशी उसवलं की जीव जळतो.

प्रश्न : गॅदरिंगमध्ये मुलाला गोंधळी व्हायचंय. अंगरख्याला बंद कुठं अन् किती? – तुळजापूर

उत्तर : तुळजापुरात राहून मला विचारताय! घरातल्या थोरल्यांना विचारा, मला काय, चित्र काढून देतील. शिवण्यापुरतं सांगते: छातीवर एका बाजूला दोन जोड्या आणि आतून एक, पोराच्या मापाला ८ इंच पुष्कळ. संबळ कमरेला बांधणार असंल तर त्या पट्ट्याखाली गाठ येऊ देऊ नका. आणि आतली जोडी पक्की शिवा, नाचताना तीच आधी सुटते.