सायकियाट्री वॉर्डात पहिली पोस्टिंग आहे. लक्षणं कशी ओळखायची आणि आवाज ऐकू येणाऱ्या पेशंटशी काय बोलायचं?

जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहात, पुढच्या महिन्यात पोस्टिंग आहे आणि भीती वाटतेय, असं तुम्ही लिहिलंय. वाटू दे. मी सोळा वर्षं या वॉर्डात आहे आणि पहिला आठवडा मी औषधांच्या ट्रॉलीआड उभी राहून काढला होता.

भास (नसलेलं दिसणं-ऐकू येणं) आणि भ्रम (पुरावा दाखवूनही न हलणारी खोटी समजूत) यांच्या व्याख्या परीक्षेसाठी पाठ कराच. पण डॉक्टर राऊंडला एका पेशंटपाशी पाच-दहा मिनिटं थांबतात, आपण आठ तास असतो. आजाराचं नाव ते ठरवतील. कालच्यापेक्षा आज काय बदललं, हे मात्र आपल्यालाच दिसतं. झोप किती वाजता लागली, अंघोळीला ढकलावं लागलं की आपणहून गेला, बोलता बोलता मध्येच कान देऊन थांबतो का. 'पेशंट आक्रमक' एवढंच लिहू नका. 'अडीच वाजता ताट भिंतीवर फेकलं, त्याआधी पाच मिनिटं कोपऱ्याकडे बघून पुटपुटत होता' असं लिहा.

हे मला एका चुकीनं शिकवलं. विशीतला मुलगा, अ‍ॅडमिट होऊन तिसरा दिवस, हॅलोपेरिडॉलची (भास-भ्रमावरच्या औषधाची) दोन इंजेक्शनं झालेली. माझ्या ईव्हनिंगला तो पॅसेजमध्ये सारख्या येरझाऱ्या घालत होता. बसवलं की उठायचा, उभा केला की एकदा या पायावर, एकदा त्या. मी 'अस्वस्थ, ऐकत नाही' लिहिलं, ऑन-कॉल डॉक्टरांनाही फोनवर तेच सांगितलं आणि आणखी एक इंजेक्शन दिलं गेलं. तासाभरानं तो दाराची कडी धरून रडायला लागला. नाईटच्या सिनियर सिस्टर ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती) घ्यायला आल्या, दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या आणि त्याला म्हणाल्या, "बाळा, मन बेचैन आहे की पाय?"

"पाय. पाय बसूच देत नाहीत, सिस्टर."

तो अ‍ॅकाथिसिया होता, म्हणजे औषधाचाच दुष्परिणाम. ज्याचा त्रास होत होता तेच मी त्याला वाढवून दिलं होतं. डॉक्टरांनी डोस कमी केला, प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. पुढे तो पलंगावर मांडी घालून जेवताना दिसला तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी ओव्हरमध्ये 'पाय की मन' हे आजही विचारते.

याच औषधांनी कधी मान एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जीभ जड होते. नातेवाईक म्हणतात अंगात आलं, आणि वाईट म्हणजे कधीकधी आपलाच स्टाफ म्हणतो नाटक करतोय. तो डिस्टोनिया असतो, प्रोमेथाझिनच्या इंजेक्शननं बहुधा अर्ध्या तासात उतरतो. पण ताप आला, अंग लाकडासारखं ताठ झालं आणि शुद्ध मंदावली तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना बोलवा, तिथे जीव जाऊ शकतो. लिथियमच्या (मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या) पेशंटला उलट्या-जुलाब, हातांना मोठी थरथर, चालताना तोल जाणं, हे दिसलं तरी तसंच. क्लोझापिन या भास-भ्रमावरच्याच औषधावरच्या पेशंटचा घसा दुखतोय आणि ताप आहे, हे ऐकून नुसती पॅरासिटामॉल देऊन मोकळं होऊ नका, या औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, त्या तपासायला लागतात.

आणखी एक. भास होतोय म्हणजे मनाचाच आजार, असं धरून चालू नका. ऑर्थोमध्ये (हाडांच्या वॉर्डात) पाय मोडून आलेला माणूस तिसऱ्या दिवशी चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागतो, घामानं भिजतो, आपण कुठे आहोत ते त्याला कळत नाही. घरच्यांना बाजूला घेऊन विचारा, शेवटची दारू कधी घेतली? रोजची दारू एकदम सुटली की असं होतं. अशाला ग्लुकोजच्या आधी थायमिन (व्हिटॅमिन बी१) लागतं. डोळ्यांना काहीबाही दिसणं, सकाळी बरा आणि संध्याकाळी बिघडलेला, जागा-वेळेचं भान नाही, असं असलं की आधी शुगर, ताप, ऑक्सिजन बघायचा.

आता आवाजांचं. 'काही नाही हो, मनाचे खेळ' म्हणू नका, आणि पेशंटचं मन राखायला 'हो, मलाही येतोय'सुद्धा नको. मी म्हणते, "मला तो आवाज येत नाही, पण तुम्हाला येतोय आणि त्रास होतोय हे दिसतंय. काय म्हणतो तो?" शेवटचा प्रश्न गाळू नका. आवाज नुसता शिव्या देत असेल तर एक गोष्ट, 'उडी मार' किंवा 'त्याला मार' असा हुकूम देत असेल तर दुसरी. मग "तो सांगतो तसं करावंसं वाटतं का?" हेही विचारायचं आणि पेशंटला एकटं न सोडता इन्चार्जना कळवायचं. एक आजी मला म्हणाल्या होत्या, इतकी वर्षं सगळे गप्प बस म्हणाले, काय ऐकू येतं ते कुणी विचारलंच नाही.

आत्महत्येचंही सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं डोक्यात कल्पना शिरत नाही. खूप उदास पेशंट अचानक शांत, हसरा झाला, आपल्या वस्तू वाटायला लागला, तर सुटकेचा श्वास टाकू नका. उपचाराच्या सुरुवातीला उदासी जायच्या आधी अंगात बळ येतं, तो काळ जपायचा असतो.

कुणी अंगावर आलं तर हातभर लांब, दाराच्या बाजूला, आवाज खाली, आणि एका वेळी एकानंच बोलायचं. बांधणं हा शेवटचा उपाय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, तेही सायकियाट्रिस्टच्या परवानगीनं. शिक्षा म्हणून नाही, स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. तुम्हाला कुणी बांधायला सांगितलं तर ऑर्डर केसपेपरवर आहे का बघा.

पोस्टिंग संपली की गावाकडचे लोक तुम्हालाच फोन करतील. त्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पहिल्या दिवशी ओढणी आणि गळ्यातली आयकार्डाची रिबन बाहेर ठेवा, खिशातली कात्री इन्चार्जकडे द्या. गोळी दिल्यावर पाणी पाजून पेशंटशी दोन वाक्यं बोला, गालात ठेवली असेल तर बोलताना कळतं.