सही करू नकोस: कविनच्या करिअरबद्दल आणि तुझ्या पायाबद्दल

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि मग झोपच लागली नाही. वय 23, गोलकीपर, नोव्हेंबरात नडगीचं हाड मोडलं. उडी मारून खाली येताना अजून कळ येते. क्लब म्हणतो, मार्चपासून दुसऱ्या क्लबकडे लोनवर, म्हणजे काही काळ उसना खेळाडू म्हणून जा, फक्त फिट असल्याचं लिहून दे. आणि शेवटी तू विचारलंयस की थायलंडचा गोलकीपर कविन बेल्जियमला खेळायला गेला ही चूक होती का. तू वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. कोल्हापूरच्या पेठेतला गोलकीपर, शाहू स्टेडियमवर खेळलो, मग खेळाडू कोट्यातून मुंबईत एका खात्यात लागलो. पुढे दुसऱ्या नोकरीमुळे काही वर्षं बँकॉकजवळ नोन्थाबुरीत राहिलो. कविनच्या क्लबचं, मुआंगथोंग युनायटेडचं, मैदान जवळच होतं, मी गोलमागच्या स्टँडमध्ये बसायचो. त्यामुळे कविनबद्दल थोडं पोटतिडकीने लिहिणार आहे. फिजिओ, व्यायाम, प्रोटीन यावर काही लिहीत नाही, ते तुला माहीतच असणार.

कविन थम्मसच्चानन हे नाव थाई लिपीत जसं लिहितात ते आपल्या डोळ्यांनी वाचलं तर कवींद्र धर्म-सत्य-आनंद असं निघतं. मला हे कळलं त्या दिवशी फार आपलं वाटलं. जन्म जानेवारी 1990 चा. 2009 मध्ये मुआंगथोंग नुकताच वरच्या लीगमध्ये आलेला आणि त्याच मोसमात विजेता झाला, तेव्हा हा 19 वर्षांचा. पुढे 2010, 2012 आणि 2016 लाही क्लबने लीग जिंकली. 2014 च्या सुझुकी कपच्या (आग्नेय आशियाई देशांची स्पर्धा) फायनलच्या दुसऱ्या सामन्यात क्वालालंपूरला थायलंड 3-0 ने मागे होतं, शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल करून दोन्ही सामने मिळून 4-3 ने कप आणला. गोलमध्ये कविन. 2016 ला पुन्हा कप, पुन्हा तोच. तिकडचे लोक त्याला 'कविन बिन दाय' म्हणतात, म्हणजे उडणारा कविन.

हे टोपणनाव नीट लक्षात घे. उंची साधारण सहा फूट, युरोपातल्या गोलकीपरांपुढे ती कमीच. त्याची सगळी भिस्त उडीवर. पाय जमिनीला रेटून शरीर वर फेकायचं आणि त्याच पायावर परत यायचं. अशा माणसाचा पाय गेला की स्ट्रायकरचा पाय जाण्यापेक्षा जास्त काही जातं.

जानेवारी 2018 मध्ये तो बेल्जियमच्या ल्यूव्हेनला गेला. क्लब थायलंडच्याच किंग पॉवर कंपनीच्या मालकीचा, तेव्हा दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला. अनेकजण म्हणतात, मालकामुळे गेला. म्हणोत. थाई गोलकीपरने युरोपात जाऊन गोलमध्ये उभं राहणं ही केवढी गोष्ट आहे! माझ्या मते जाणं बिलकुल चूक नव्हती. 2018 च्या अखेरीस पायाला मोठी दुखापत झाली आणि जानेवारी 2019 चा आशियाई कप हुकला. 6 जानेवारीला अबू धाबीत आपण थायलंडला 4-1 ने हरवलं, छेत्रीचे दोन गोल, ते तुला आठवत असेलच. मी बँकॉकमधल्या एका खानावळीत थाई सहकाऱ्यांसोबत ती मॅच बघत होतो. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक गोलनंतर शेजारचा एकच शब्द बोलत होता: कविन, कविन. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कोचला काढलं.

त्यानंतर कविनला पूर्वीची जागा मिळाली नाही. 2020 ला जपानमध्ये साप्पोरोला लोनवर गेला, तिथे लीगमध्ये फारसं खेळायला मिळालं नाही, मग मायदेशी परत. त्याच जपानमध्ये थायलंडचा चनाथिप चमकला, थीराथोन तर 2019 ला योकोहामाकडून लीग जिंकला. थाई खेळाडू तिकडे चालतात. पण मिडफिल्डरला सत्तराव्या मिनिटाला उतरवून बघता येतं, गोलकीपरला कोणी तसं बघत नाही. जागा एकच, आणि ती भरलेली असते. म्हणून पाय कच्चा असताना लोनवर जाणं ही गोलकीपरसाठी सगळ्यात वाईट वेळ, असं माझं ठाम मत आहे. कविनच्या पायाचं आत काय झालं होतं हे त्याचे डॉक्टर जाणोत, त्याच्यावर मी काही लादत नाही. माझ्या पायाचं मात्र सांगू शकतो.

2004. फॉरवर्ड एकटा आत आला, मी पायात झेप घेतली, त्याचा गुडघा माझ्या नडगीवर. रॉड घातला. डॉक्टरांनी सहा महिने उडी बंद सांगितली. साडेतीन महिन्यांनी खात्याच्या क्रीडा विभागातून बोलावणं आलं, आंतरविभागीय स्पर्धा तोंडावर होती. टेबलावर एक झेरॉक्स केलेला कागद, अर्ध्या पानाचा. 'मी पूर्णपणे तंदुरुस्त असून स्वतःच्या जबाबदारीवर खेळत आहे.' तारखेची जागा कोरी आणि सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली. साहेब म्हणाले, फॉर्मॅलिटी आहे रे, सगळेच देतात. मी सही केली. तारीखसुद्धा टाकली नाही. दुसऱ्या मॅचला कॉर्नर आला, मी वर गेलो, बॉल पंच केला आणि त्याच पायावर उतरलो. आतला स्क्रू तुटला. आवाज आला नाही, नुसतं पाय माझा नसल्यासारखं वाटलं.

दुसरं ऑपरेशन झालं. बिलं दिली तर फाईल परत: कर्मचाऱ्याने तंदुरुस्त असल्याचं स्वतः लिहून दिलं आहे, सबब दुखापत जुनी, सबब खर्च मंजूर नाही. तारीख त्यांनी नंतर घातली होती, त्यांना सोयीची. चौदा महिने मी त्या टेबलावरून या टेबलावर फिरलो. एकाने सांगावं वरून सही हवी, वरच्याने सांगावं खालून शेरा हवा. कुबड्या घेऊन तीन मजले चढायचो, लिफ्ट अधिकाऱ्यांसाठी राखीव होती. शेवटी एक रुपया मिळाला नाही. आईच्या पाटल्या गेल्या. आणि गोलमधली जागाही गेली, मला कारकुनाच्या खुर्चीवर बसवलं. बावीस वर्षं झाली तरी हे लिहिताना हात थरथरतोय.

म्हणून सांगतो, तो कागद सही करू नकोस. फारच दबाव आला तर म्हण, माझे सर्जन लिहून देतील तेच खरं. लोनला जायचंच असेल तर जुन्या दुखापतीचा खर्च कोण करणार हे दोन्ही क्लबच्या करारात लेखी घे, तोंडी कबुलीला काही किंमत नाही. जे कागद देशील त्याचा तारखेसकट फोटो काढून ठेव. आणि पगार थकला तर गप्प बसू नकोस. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकल्यास 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन करार सोडता येतो. हा नियम मुळात आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी आहे, देशातल्या देशात तो कसा लागू होतो हे वकिलाकडून तपासून घे.

तू ओझरतं लिहिलंयस की एक एजंट थायलंडला ट्रायल मिळवून देतो म्हणतोय. सांभाळ. तिकडे परदेशी खेळाडूंचा कोटा असतो, आग्नेय आशियातल्यांना वेगळी जागा असते, त्यात आपण बसत नाही. कोट्यातली जागा क्लब सहसा स्ट्रायकरसाठी ठेवतात. टुरिस्ट व्हिसावर बोलावून 'नंतर बघू' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस, पगारावर खेळायला वर्क परमिट लागतं.

धीर हवा असेल तर कविनपेक्षा दुसऱ्या थाई गोलकीपरकडे, सिवारक तेदसुंगनोनकडे बघ. जन्म 1984 चा, वर्षानुवर्षं बुरीराम या थाई क्लबच्या गोलमध्ये. सदतिसाव्या वर्षी सुझुकी कप जिंकणाऱ्या थाई संघात होता. तू 23 चा आहेस. एक मोसम गेला तरी तुझ्याकडे बारा-चौदा उरतात.

आणखी एक. तुझ्या पोस्टमध्ये आत रॉड आहे की प्लेट हे राहून गेलंय. डिस्चार्ज कार्डावर असेल, बघ आणि इथेच लिही. आणि क्लबने तो कागद कुठल्या तारखेला पुढे केला, तेही.