समुद्रापासून दूर, समुद्राच्या अभ्यासात

(सांख्यिकीत पीएच.डी. करताना समुद्राच्या संगणकीय मॉडेलवर काम करणाऱ्या आणि सुटीत गावोगावच्या शाळांमध्ये त्याविषयी बोलणाऱ्या, दारव्हा तालुक्यातील एका संशोधक विद्यार्थिनीचा परिचय मागील अंकात दिला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तिघांच्या प्रश्नांना तिनेच उत्तरे दिली आहेत. – संपादक)

प्रश्न : मी अमरावती विद्यापीठातून सांख्यिकीत एम.एस्सी. केले आहे. भौतिकशास्त्राशी संबंध बी.एस्सी.नंतर तुटला आणि समुद्र मी शाळेच्या सहलीत एकदाच पाहिला. अशा मुलीला समुद्राच्या संशोधनात कोण घेणार आणि घेतलेच, तर सांख्यिकीवाल्याने तेथे नेमके करायचे काय?
– एक विद्यार्थिनी, आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, तो सुटला की पहिला निम्मा सुटतो. समुद्राचे मॉडेल पाण्याचे कप्पे पाडते आणि प्रत्येक कप्प्यातील प्रवाह, तापमान व क्षारता यांची समीकरणे काळाच्या लहान लहान टप्प्यांनी सोडवत जाते. कप्प्याची बाजू २५ किलोमीटर असेल, तर त्याहून लहान भोवरे आणि पाण्याची घुसळण मॉडेलला दिसत नाही. तिचा परिणाम काही गुणांकांच्या रूपाने बाहेरून घालावा लागतो आणि त्या गुणांकांच्या खऱ्या किमती कोणालाच नेमक्या ठाऊक नसतात. एकेक किंमत घालून पाहावी म्हटले, तर मोठ्या मॉडेलची एक फेरी महासंगणकावरही कित्येक दिवस चालते. म्हणून मोजक्या किमती विचारपूर्वक निवडायच्या, तेवढ्याच फेऱ्या चालवायच्या आणि न चालवलेल्या फेऱ्यांचे उत्तर काय आले असते याचा अंदाज, त्यातील अनिश्चिततेसह, गाउसीय प्रक्रियेच्या (जवळपासच्या किमतींची उत्तरेही जवळपास असतील, असे धरून मधली उत्तरे काढणाऱ्या सांख्यिकी पद्धतीच्या) साहाय्याने बांधायचा, हे सांख्यिकीवाल्याचे काम.

मग हा अंदाज निरीक्षणांशी ताडून पाहायचा. खोल पाण्यातील निरीक्षणे मुख्यतः आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या तरंगत्या यंत्रांकडून येतात. जगभर अशी सुमारे ४,००० यंत्रे आहेत. प्रत्येक यंत्र १,००० मीटर खोलीवर वाहत राहते, साधारण दर १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरते, वर येताना तापमान व क्षारता मोजते आणि उपग्रहामार्फत आकडे पाठवते. महासागरांचा पसारा पाहता दोन यंत्रांत सरासरी ३०० किलोमीटरचे अंतर पडते, म्हणजे जवळपास यवतमाळ ते हैदराबाद. मधल्या जागी काय असेल हे काढण्याची क्रिगिंग ही पद्धत मुळात दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंता डॅनी क्रिग यांच्या सोन्याच्या साठ्यांवरील कामातून आली. ती वापरताना नवखे लोक एका ठिकाणी हमखास अडतात. एकाच शिवारात दहा पर्जन्यमापके लावली, म्हणून तालुक्याच्या पावसाची दहापट माहिती मिळत नाही. जवळजवळची निरीक्षणे एकमेकांचीच री ओढतात. ती स्वतंत्र धरली, तर उत्तर फारसे बदलत नाही, पण त्यावरचा आपला विश्वास मात्र खोटा वाढतो.

माझा विषय बंगालच्या उपसागरातील क्षारता हा आहे. पावसाळ्यानंतर उपसागराच्या उत्तर भागात वरच्या एक किलो पाण्यात ३० ग्रॅमहूनही कमी क्षार असू शकतात, तर सुमारे १०० मीटर खाली ते प्रमाण ३५ ग्रॅमच्या आसपास असते. आर्गोचा आलेख समोर ठेवला, तर वरच्या काही मीटरांत रेषा उभी चालते आणि मग एकदम उजवीकडे वळते. हे वळण मॉडेलमध्ये बहुधा बोथट होते. नद्यांचे हलके गोडे पाणी वर तरंगत राहिल्यामुळे खालचे थंड पाणी सहजासहजी वर मिसळत नाही, पृष्ठभाग २८ अंशांच्या वर उबदार राहण्यास मदत होते आणि अशा उबदार पाण्यावर कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. तीच पुढे ओडिशा आणि छत्तीसगडवरून सरकत आपल्याकडे पाऊस आणतात. शिवाय तुमच्या आर्णीची अरुणावती पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला मिळते आणि ते पाणी प्राणहिता व गोदावरीवाटे त्याच उपसागरात जाते. तेव्हा आपला समुद्राशी संबंध नाही, असे निदान आर्णीकरांनी तरी म्हणू नये.

आता घेणार कोण. समुद्राची माहिती देशाला पुरवणारी ‘इन्कॉइस’ ही संस्था १९९९पासून हैदराबादला आहे आणि हैदराबादलाही समुद्र नाही. भारतीय हवामान खात्याचे १९०४ ते १९२४ या काळातील प्रमुख गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणितज्ञ होते; पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका त्यांनी ठिकठिकाणच्या नोंदींचे सहसंबंध काढून ओळखला. तुम्ही सीएसआयआर-यूजीसी नेटची गणितीय विज्ञान शाखेची परीक्षा द्या. २०१९पासून गेटमध्येही सांख्यिकीचा स्वतंत्र पेपर आहे. पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील वातावरण व महासागर विज्ञान केंद्र येथील मार्गदर्शकांचे लेख वाचून मगच त्यांना पत्र लिहा. भौतिकशास्त्राची धास्ती नको. घनता, थरांची रचना आणि पृथ्वीच्या परिवलनाचा प्रवाहांवर होणारा परिणाम एवढे वर्षभरात शिकता येते. कच्ची सांख्यिकी मात्र पुढे कोणी पक्की करून देत नाही. आर्गोचे आकडे सर्वांना मोफत मिळतात. अर्ज करण्यापूर्वी एका यंत्राचे आकडे उतरवून घ्या आणि आर किंवा पायथन या संगणकभाषेत त्यांचा आलेख काढा. मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा त्यावर अधिक बोलणे होईल.

प्रश्न : माझी मुलगी हेच शिकायचे म्हणते. चार-पाच वर्षे खर्च कोणी करायचा? दुसरे असे की, २०२३मध्ये एल निनो आहे, पाऊस कमी पडेल, असे सगळे सांगत होते आणि जुलैत आमच्या तालुक्यात पुरात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर मागवावे लागले. मग या अभ्यासाचा उपयोग काय?
– एक शेतकरी, महागाव, जि. यवतमाळ

उत्तर : काका, खर्चाचे आधी सांगते. नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. पैसे कधी कधी उशिरा जमा होतात, त्यामुळे थोडी शिल्लक बाळगावी लागते.

आपला दुसरा प्रश्न रास्त आहे. त्या वर्षी जुलैत देशात सरासरीपेक्षा जास्त पाऊस झाला, ऑगस्ट मात्र १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि संपूर्ण हंगामाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के भरला. एल निनो, म्हणजे पॅसिफिक महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा तापणे, हा पावसाच्या चार महिन्यांच्या आणि तोही देशभराच्या बेरजेचा कल दाखवतो. महागाववर एका दिवशी किती पाणी कोसळेल हे त्यातून निघत नाही. १९९७मध्ये तर फार तीव्र एल निनो असूनही देशाचा पाऊस जवळपास सरासरीइतका राहिला. हिंदी महासागराचा पश्चिम भाग तेव्हा अधिक तापला होता आणि त्याचा हातभार लागला, असे मानले जाते. ‘पाऊस कमी पडण्याची शक्यता अधिक’ या वाक्यातील ‘शक्यता’ गावात पोहोचेपर्यंत गळून पडते, हा दोष ऐकणाऱ्यांपेक्षा आम्हा सांगणाऱ्यांचा अधिक आहे. दुबार पेरणीचे बियाणे हाताशी ठेवायचे की नाही हे ठरवणारा माणूस शक्यतांचा हिशेब रोजच करतो. त्याला आकडा लपवून ‘पडेल’ किंवा ‘पडणार नाही’ एवढेच सांगणे मला तरी पटत नाही.

प्रश्न : आमची जिल्हा परिषद शाळा खारपाणपट्ट्यात आहे. प्रयोगशाळा नाही. सातवीच्या मुलांना हा विषय कसा दाखवावा? संशोधक विद्यार्थी शाळेत येतात का?
– एक शिक्षक, दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : सर, खारे पाणी काय असते हे आपल्या मुलांना सांगावे लागणार नाही, ही मोठीच सोय आहे. काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घेऊन त्यात दोन-तीन चमचे मीठ पूर्ण विरघळवा. वेगळ्या गोड्या पाण्यात थोडी शाई मिसळा आणि चमच्याच्या पाठीवरून ते अगदी हळू वर सोडा. रंगीत थर वरच राहील. दुसऱ्या पेल्यात दोन्ही पाणी गोडेच घ्या. रंग लगेच पसरेल. मग मुलांना पहिल्या पेल्यावर नळीने फुंकर घालू द्या आणि थर मिसळण्यासाठी किती जोर लागतो ते पाहू द्या. वाऱ्याला बंगालच्या उपसागरात हीच अडचण येते.

शक्यता शिकवण्यासाठी मी वेगळा खेळ घेते. उद्याचे कमाल तापमान कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये असेल हे प्रत्येकाने वहीत लिहायचे. दहापैकी नऊ वेळा बरोबर यावे, एवढी फट ठेवायची आणि महिनाभर पडताळा घ्यायचा. बहुतेक मुले सुरुवातीला फट फार अरुंद ठेवतात आणि आठवडाभरात आपणहून ती वाढवू लागतात. मोठी माणसे इतक्या लवकर वाढवत नाहीत.

संशोधक विद्यार्थी येतात, पण बोलावले तरच. विद्यापीठाच्या विभागप्रमुखांच्या नावे पत्र लिहा आणि दिवाळीनंतरची तारीख सुचवा. जूनमध्ये पालक पेरणीत असतात आणि आलेच तर ‘पाणी केव्हा येईल?’ एवढेच विचारतात. त्या प्रश्नासाठी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला शाळेच्या फलकावर लावत चला.