पक्षांतर, व्हिप आणि दोन तृतीयांशाचा घोळ

प्रश्न : राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षाविरुद्ध मत दिलं तर आमदारकी जाते का?

नाही. तिथे व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षादेश, काढताच येत नाही.

प्रश्न : आमचे आमदार दुसऱ्या पक्षाच्या सभांत मिरवतात, पण राजीनामा दिलेला नाही. म्हणजे ते सुरक्षितच ना?

असं समजू नका. रवी नाईक प्रकरणात (1994) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की राजीनामा नसला तरी वागण्यावरून पक्ष सोडल्याचं धरता येतं. पण एका फोटोवर अपात्रतेची याचिका टिकत नाही. पुरावे वकिलाला दाखवा.

प्रश्न : दोन तृतीयांश आमदार फुटले की वेगळा गट कायदेशीर होतो, असं टीव्हीवर सांगतात. खरं आहे?

खोटं आहे, आणि दर बंडाच्या वेळी तेच ऐकवलं जातं! 1985च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांशांच्या फुटीला मुभा होती. 2003च्या 91व्या घटनादुरुस्तीने ती काढली. उरलं ते दुसऱ्या पक्षातलं विलीनीकरण. दोन तृतीयांशांची अट त्यासाठी, वेगळी चूल मांडण्यासाठी नव्हे. गोव्यात 2019 साली फुटलेल्या काँग्रेसच्या 15पैकी 10 आमदारांना 2022मध्ये उच्च न्यायालयात संरक्षण मिळालं, पण ते भाजपमध्ये गेले होते. अधांतरी बसले नव्हते.

खरी गोम विलंबात आहे. अपात्रतेचा निकाल विधानसभेचे अध्यक्ष देतात, आणि ते बहुधा सत्ताधारी बाकांवरून आलेले असतात. मणिपूर प्रकरणात (2020) सर्वोच्च न्यायालयाने साधारण तीन महिन्यांची मुदत सांगितली. तरी तारखा पडतात, विधानसभेची मुदत सरते आणि पक्षाचं चिन्ह बघून मत दिलेला माणूस बघत राहतो. तेव्हा याचिका करायचीच तर वाट बघू नका.

प्रश्न : एजंट म्हणतो, नोंदणीकृत पक्षाला चेकने देणगी द्या, कमिशन कापून रोख परत, वर करात सूट.

ही सरळ करचुकवेगिरी आहे. परत आलेला पैसा देणगी नसतो. आणि निवडणूक आयोगाकडे पक्षाची नोंदणी आहे, एवढ्यावरून त्याच्या सचोटीची हमी मिळत नाही. विवरणपत्रात वजावट घेतली असेल तर आजच सीएला गाठा, एजंटाला नव्हे.

प्रश्न : मी नगरपरिषदेवर अपक्ष निवडून आलो. आता एका पक्षात प्रवेश करू का?

पद घालवायचं असेल तर करा. राज्याचा 1986चा अनर्हता (अपात्रता) कायदा निवडून आलेल्या अपक्षालाही लागू आहे. बाहेरून पाठिंबा देणं वेगळं, प्रवेश वेगळा. आघाडीच्या कागदावर सही करण्याआधी तो वकिलाकडून वाचून घ्या.