बायोसमध्ये सी-स्टेट्स बंद केल्या की पीसी फास्ट होतो का?

नाही. सी-स्टेट्स म्हणजे काम नसताना प्रोसेसर ज्या झोपेच्या पायऱ्यांमध्ये जातो त्या; त्यांची सेटिंग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये असते. तुम्ही लिहिलंय की नवा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घेतलाय आणि मित्र म्हणतो, "पॉवर सेव्हिंगचं सगळं डिसेबल कर, मशीन मोकळी पळेल." हेच वाक्य मी दहा वर्षं माझ्या चुलतभावाकडून ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

कराडला माझं आणि या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं, भागीदारीत डीटीपीचं दुकान आहे. २०१३च्या दिवाळीनंतर तीन मशीन असेंबल केली, तिन्हींत इंटेलचा आय५-४५७० प्रोसेसर. दोनांना सगळं नवं घेतलं, तिसऱ्याला पैसे वाचवायला जुनं कॅबिनेट आणि त्यातला जुनाच एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) ठेवला. हे तिसरं मशीन कामात असताना ठणठणीत असायचं. कोरलमध्ये मोठा फ्लेक्स उघडा, जोडीला फोटोशॉप चालवा, काही होत नव्हतं. चहाला उठून परत आलो की स्क्रीन काळी, पंखा बंद. ऐन लग्नसराईत एका पत्रिकेचा मजकूर मी तीनदा टाइप केला, गिऱ्हाईक समोर उभं होतं. रॅम काढून खोडरबराने घासली, मदरबोर्डवरचा सेल बदलला, विंडोज दोनदा टाकलं. शेवटी दादाने बायोसमध्ये जाऊन सी-स्टेट्स आणि स्पीडस्टेप (काम कमी असताना प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज उतरवणारी सोय) दोन्ही बंद केलं, आणि मशीन बंद पडायचं थांबलं.

तिथून दादाच्या डोक्यात बसलं की पॉवर सेव्हिंग म्हणजे भानगड. चांगल्या चाललेल्या दोन मशीनचंही त्याने बंद करून टाकलं.

खरं कारण मला सहा महिन्यांनी कळलं. या पिढीचा प्रोसेसर सी६-सी७ या सगळ्यात खोल झोपेच्या पायऱ्यांमध्ये गेला की १२ व्होल्टच्या त्याच्या लाइनवरून फक्त ०.०५ अँपिअर इतका कमी करंट घेऊ शकतो. जुने एसएमपीएस तिथे निदान ०.५ अँपिअर लोड राहील असं धरून बनवलेले. स्वस्तातल्यांत १२ आणि ५ व्होल्ट एकत्रच सांभाळलेले असतात. एकीकडचा लोड गेला की दुसरीकडचं व्होल्टेज ढळतं, प्रोटेक्शन लागतं आणि मशीन बंद. म्हणजे प्रोसेसर नीट झोपत होता, एसएमपीएसला ते झेपत नव्हतं. मी नवा एसएमपीएस टाकला, सगळं परत चालू केलं, आणि ते मशीन पुन्हा एकदाही तसं बंद पडलं नाही. दादा म्हणाला, "योगायोग."

मग मी प्लगला लावायचा वॅटमीटर आणला. मॉनिटर सोडून, नुसतं बसलेलं मशीन: सगळं चालू असताना ३६ वॅट, बंद केल्यावर ५८. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर आमची तिन्ही मशीन जेमतेम सव्वादोन तास चालत होती, ती तीन तास चालायला लागली. टायपिंगच्या कामात हा फरक पडणारच. हात कितीही चालता असला तरी दोन अक्षरांच्या मध्ये शंभर-दीडशे मिलीसेकंद जातात, तेवढा वेळ प्रोसेसरला काम नसतं. सी६ मध्ये कोअरचं व्होल्टेजच काढून घेतात, आणि जागं व्हायला शे-दीडशे मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे त्याचा हजारावा हिस्सा. हे बोटांना कळणं शक्य नाही.

स्पीडस्टेपचा हिशेबही असाच सरळ आहे. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत जाते आणि क्लॉकच्या, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाच्या, पटीत. १.२ व्होल्टचे ०.८ केले की ४४ टक्के उरते, क्लॉक अर्धा केला की २२.

आणि "मोकळी पळेल" म्हणणाऱ्यांसाठी: त्या आय५चा टर्बो, म्हणजे गरजेला आपोआप वाढणारा वेग, ३.६ गिगाहर्ट्झ होता, पण तो एका कोअरला मिळायला बाकीचे कोअर खोल झोपेत असावे लागतात. सी-स्टेट्स बंद म्हणजे सगळे जागे, म्हणजे तो वरचा टर्बो गेलाच. दादाने मशीन फास्ट करायला जे बंद केलं, त्याने ते हळू झालं. मी त्याला सीपीयू-झेड (प्रोसेसरचा चालू वेग दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून दाखवलं, तरी त्याने मान्य केलं नाही.

तुमच्या रायझनचं गणित थोडं वेगळं आहे, पण बूस्ट (रायझनचा टर्बो) तिथेही विजेच्या आणि तापमानाच्या मर्यादेतच मिळतो, तेव्हा रिकाम्या कोअरना जागं ठेवून फायदा नाही. विंडोजमध्ये बॅलन्स्ड प्लॅन ठेवा.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पहिल्या पिढीच्या रायझनवर, विशेषतः लिनक्स टाकलं की, मशीन रिकामं असताना गोठायच्या तक्रारी खऱ्या होत्या. तसं झालं तरी सगळं बंद करायची गरज नाही, बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' असतं ते 'टिपिकल करंट आयडल'वर ठेवून बघा. आणि लाइव्ह रेकॉर्डिंग करत असाल, आवाजात टिकटिक येत असेल, तर खोल स्टेट्स बंद करून बघायला माझी हरकत नाही.

बाकी काही हलवलं असेल तर बायोसमध्ये डिफॉल्ट्स लोड करा. आणि मित्राला विचारा, त्याच्या कॅबिनेटमधला एसएमपीएस कुठल्या सालचा आहे.