कर्ण्याचा कानाशी काय संबंध?

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय: "माडीवर पणजोबांचं गाण्याचं यंत्र सापडलं. शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचं आहे. पाटीवर 'फोनोग्राफ' लिहू की 'ग्रामोफोन'? घरात सगळे नुसतं 'फोनो' म्हणतात. आणि 'याच्या कर्णातून आवाज येतो' हे वाक्य बरोबर आहे ना? काका म्हणतात, सरळ भोंगा लिही."

ताई, कर्णातून आवाज येत नाही. कर्ण म्हणजे कान, नाहीतर कुंतीचा थोरला. यंत्राला असतो तो कर्णा. दाणा, दाण्याचा, दाण्यातून. तसाच कर्णा, कर्ण्याचा, कर्ण्यातून. अनेकवचन कर्णे. बेळगावात वर्षभरात हे 'कर्णातून' मी एका स्मरणिकेत वाचलं, एका प्रदर्शनाच्या पाटीवर वाचलं आणि एका निवेदकाच्या तोंडून माइकवर ऐकलं. चौथ्यांदा तुमच्या शाळेत नको.

या चुकीचं मूळ एका गोड गैरसमजात आहे. आवाज कानाशी जातो म्हणून कर्ण, आणि कर्णावरून कर्णा. आमच्याकडच्या एका व्याख्यानात एका विद्वानांनी तर कुमार गंधर्वांनाच साक्षीला उभं केलं. सुळेभावीत 1924 साली जन्मलेला हा मुलगा तबकड्या ऐकून थोरामोठ्यांची गाणी हुबेहूब म्हणायचा. म्हणजे कर्ण्यानं त्याचा कर्ण घडवला, म्हणून तो कर्णा! टाळ्या पडल्या. अहो, त्या काळापर्यंत पेटीच्या आत कर्णा लपवलेली यंत्रंही आली होती. सुळेभावीच्या त्या घरात कुठलं होतं, हे या विद्वानांनी पाहिलं होतं काय?

आता खरी गंमत. संस्कृत 'कर्ण' मराठीत उतरताना प्राकृतात 'कण्ण' झाला आणि आपल्यापाशी 'कान' होऊन पोचला. त्याला आकार जोडून शब्द झालाच असता तर तो 'काना' झाला असता. आणि तो झालाच आहे! अक्षराच्या शेजारी उभा असतो तो काना, काना-मात्रातला. मग हा ठणठणीत रफार मिरवणारा 'कर्णा' आला कुठून? फारसीतून. तिकडे 'करनाय' किंवा 'करना' म्हणजे लांबलचक धातूची तुतारी. अकबराच्या नगारखान्याचं वर्णन अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त केलंय. त्यात हा करना सोन्याचा, चांदीचा, पितळेचा असतो आणि चारांपेक्षा कमी कधी फुंकत नाहीत असं म्हटलंय. त्याच यादीत सुरना आहेत, त्या नऊ एकदम वाजायच्या.

सुरना आणि करना, दोन्हींची शेपटी बघा. फारसीत 'नाय' म्हणजे वेळू, पावा. तीच शेपटी शहनाईला आहे आणि शहनाईची आपण केली सनई. शहनाईतला पुढचा भाग 'शाह' की मुळात 'सुर' यावर पंडित भांडतात, पण मागच्या 'नाय'वर कुणाचं भांडण नाही. म्हणजे लग्नातली सनई आणि तुमच्या माडीवरचा कर्णा ही सख्खी चुलत भावंडं! मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी शहापूरच्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीत होतो आणि शेजारच्या अनोळखी मामांना सांगितल्याशिवाय राहवलं नाही. त्यांनी मठ्ठा मागवला.

"पण फारसीत न, आपल्यात ण कसा?" ही शंका मला दरवेळी विचारतात. फारसी 'तराना' आपण 'तराणा' म्हणून गातो, 'नजराना' आपण 'नजराणा' म्हणून देतो. तिथे कुणाला कान आठवत नाही. मौज म्हणजे भाषाशुद्धीवाले 'रेकॉर्ड'ला नाकं मुरडून 'ध्वनिमुद्रिका' म्हणतात, पण 'कर्णा' मात्र संस्कृत समजून देवघरात ठेवतात. 'करनाय'मधल्या पुढच्या 'कर'बद्दल दोन मतं आहेत. एक पक्ष अरबी 'क़र्न' म्हणजे शिंग याकडे जातो. माझा जीव दुसऱ्या पक्षात, की हा 'कार' म्हणजे युद्ध, फारसी 'कारज़ार'मधला. करनाय म्हणजे रणपावा. शिंगवाल्यांशी मी पुष्कळ भांडलो आहे. ते माझं ऐकत नाहीत, मी त्यांचं ऐकत नाही.

कानवाल्यांकडे एक बरा मुद्दा आहे, तो प्रामाणिकपणे मांडतो. 1925 च्या आधी गाणं मुद्रित करायला विजेचा माइक सर्रास वापरात नव्हता. गवई कर्ण्यातच तोंड घालून गायचा. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि गौहरजानचं गाणं त्यांनी मेणावर उतरवलं ते असंच. म्हणजे तिथे कर्णा खरोखर ऐकत होता. मुद्दा छान, पण आपला शब्द त्याच्या किती आधीपासून रणात आणि जत्रेत वाजतो आहे!

हां, तुमचा फोनोग्राफ. एडिसनचा फोनोग्राफ 1877 चा. आधी कथलाच्या वर्खावर, पुढे मेणाच्या नळकांड्यावर. बर्लिनरचा ग्रामोफोन 1887 चा, चपट्या तबकडीचा. (ग्रामोफोनमधला 'ग्राम' आपल्या संगीतातल्या षड्जग्रामातला नव्हे, हेही एकदा सांगून टाकतो, 'फोनोग्राम' उलटा करून ते नाव केलंय.) फोनोग्राफच्या नळकांड्यावर सुई वर-खाली नाचते, ग्रामोफोनच्या चरीत डावी-उजवीकडे. म्हणून ग्रामोफोनच्या साउंडबॉक्सची, म्हणजे सुई बसवलेल्या गोल डबीची, चकती तबकडीवर उभी असते. नळकांड्याच्या बहुतेक यंत्रांत सुईला पुढे सरकवायला आट्यांचा एक दांडा असतो; ग्रामोफोनला तो लागत नाही, चरच सुईला ओढून नेते. एडिसननं पुढे 1912 मध्ये जाड तबकड्या काढल्या, त्याही वर-खाली पद्धतीच्या, आणि अमेरिकेत तबकडीच्या यंत्रालाही लोक फोनोग्राफच म्हणत राहिले. तुमच्याकडे तबकडी ठेवायची गोल थाळी असेल आणि चकती उभी असेल तर बिनधास्त 'ग्रामोफोन' लिहा. घरात 'फोनो' म्हणा, चूक नाही.

यंत्रावर 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या कुत्र्याचं चित्र असेल तर एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. चित्रकार बराऊडनं मूळ चित्रात कुत्रा नळकांड्याच्या फोनोग्राफपुढे बसवला होता. काळा कर्णा उठून दिसेना म्हणून तो पितळी कर्णा उसना मागायला ग्रामोफोन कंपनीत गेला. तिथल्या साहेबांनी सांगितलं, यंत्रच आमचं काढ, मग चित्र घेतो. 1899 मध्ये त्यानं फोनोग्राफ खोडून ग्रामोफोन रंगवला. सगळं घडलं ते कर्ण्यापायी.

मात्र नुसत्या कुत्र्यावर भाळू नका. मी स्वतः एका जुन्या बाजारात चकचकीत पितळी कर्णा आणि त्यावर कुत्र्याचा बिल्ला बघून पैसे मोजले. घरी येऊन पेटी उघडली तर लाकूड कालचं आणि आत एका मोडक्या पोर्टेबलची मोटर. जुन्या यंत्रांचे कर्णे पुष्कळदा पत्र्याचे, रंग दिलेले असत. तुमचा तसा मळकट, पोपडे निघालेला असेल तर घासूनपुसून पितळेसारखा करायला जाऊ नका.

आणि तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा. भोंग्याला मी गावठी म्हणणार होतो, पण ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात रणवाद्यांमध्ये 'काहळा' आणि 'भोंगळ' शेजारी शेजारी उभे आहेत. काहळा आपण विसरलो; आमचे कन्नड शेजारी अजून 'कहळे' म्हणून तो फुंकतात. भोंगळ आपण कारभाराला लावून टाकला, आणि माझ्या मते त्याचंच रक्त भोंग्यात आहे. म्हणजे फारसी कर्ण्यापेक्षा काकांचा शब्द घरचा.

तरी पाटीवर 'ग्रामोफोन, कर्ण्यासह' असंच लिहा. 'कर्णासह' लिहिलंत तर पोरं कवचकुंडलं कुठे ठेवली विचारतील.