तलाव हिरवे पडण्यावरचे संशोधन आज कोणत्या दिशेने चालले आहे?

तलावात पोषकद्रव्ये वाढली की शेवाळ माजते आणि पाणी हिरवे पडते. आधी प्रश्न एवढाच होता की, यात दोष कोणत्या पोषकद्रव्याचा? 1973 मध्ये तलावांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर यांनी कॅनडातील ‘लेक 226’ हा तलाव मधोमध प्लास्टिकचा पडदा लावून विभागला. कार्बन व नायट्रोजन दोन्हीकडे घातले, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला, आणि तेवढीच बाजू शेवाळाने हिरवीगार झाली. इतका बोलका पुरावा विज्ञानात क्वचितच मिळतो.

धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेट आणि सांडपाणी यांवर निर्बंध आल्यावर अमेरिका-कॅनडा सीमेवरचे ईरी सरोवर सावरले. पण 1990 च्या दशकाच्या मध्यापासून ते पुन्हा बिघडू लागले. ऑगस्ट 2014 मध्ये याच सरोवराचे पाणी पिणाऱ्या अमेरिकेतील टोलेडो परिसरातील लाखो लोकांना नळाचे पाणी उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले, कारण मायक्रोसिस्टिन हे शेवाळाचे विष उकळल्याने नष्ट होत नाही.

त्यामुळे अभ्यासकांचे लक्ष आता एकूण फॉस्फरसपेक्षा विरघळलेल्या फॉस्फरसकडे वळले आहे. तो शेवाळाला थेट वापरता येतो आणि शेताखालच्या निचरा-नळ्यांतून वाहून येतो. मायक्रोसिस्टिनच्या रेणूत नायट्रोजन भरपूर असल्याने नायट्रोजनलाही आवर घालावा का, हा वाद जोरात आहे. उपग्रहांद्वारे शेवाळाचा मागोवा घेणे तर रुळलेच आहे. माझ्या मते सर्वांत कळीचा विषय मात्र साठलेल्या फॉस्फरसचा आहे: कित्येक वर्षांच्या खतांतून तो जमिनीत आणि तळाच्या गाळात मुरला आहे, आणि आज खत कमी केले तरी तो पुढे अनेक वर्षे पाण्यात झिरपत राहतो.